बोगद्यात आग: पंखे चालू करण्याआधी या चुका टाळा

आग दिसली की नवा ऑपरेटर सगळे जेट फॅन, म्हणजे बोगद्यात हवा लोटणारे छताचे पंखे, फुल स्पीडला सोडतो. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता राग आवरत नाही.

एका चाचणीत आम्ही पेटत्या स्पिरिटच्या ट्रेंवर धूर तापवला होता. तो छताला चिकटून सरकत होता आणि खाली चालण्यापुरती स्वच्छ हवा होती. तेवढ्यात कंट्रोल रूममधल्या पोराने घाईने सगळे पंखे सोडले. वरचा थर ढवळून खाली आला. मला माझे बूट दिसेनात, भिंत चाचपडत बाहेर आलो. खऱ्या आगीत तो धूर विषारी असतो.

म्हणून मी आधी हवा कुठे वाहतेय ते मीटरवर बघतो, कागदावर लिहितो, मगच बटणाला हात लावतो. एकेरी वाहतूक असेल आणि पुढचा रस्ता मोकळा असेल, तर आगीपुढच्या गाड्या निघून जातात. तेव्हा वाहतुकीच्याच दिशेने, साधारण सेकंदाला 3 मीटर वेगाने हवा लोटा. धूर मागे अडकलेल्या लोकांकडे उलटत नाही. नेमका वेग आगीवर आणि उतारावर ठरतो, एकच आकडा पाठ करून चालत नाही.

दुहेरी वाहतूक किंवा पुढे कोंडी असेल तर माणसं आगीच्या दोन्ही बाजूंना असतात. तिथे जोर लावायचा नाही. हवा मंद ठेवायची आणि सोय असेल तर धूर छतातून ओढून घ्यायचा. 24 मार्च 1999 ला फ्रान्स-इटली जोडणाऱ्या माँ ब्लांच्या दुहेरी वाहतुकीच्या बोगद्यात मार्गारीन आणि पीठ नेणारा ट्रक पेटला. इटलीच्या टोकाकडून ताजी हवा जोरात सोडली गेली. हवेची जी वाहिनी उलटवून धूर ओढता आला असता, तीही हवा आत सोडायलाच वापरली. धूर फ्रान्सच्या बाजूला अडकलेल्या गाड्यांवर गेला. 39 माणसं गेली.

आगीलगतचे पंखे हिशेबात धरू नका, ते उष्णतेने बंद पडतात.

फिरते पंखे उलटे फिरवायची घाई नको. पाती लगेच उलटली तरी बोगद्यातली हवा वळायला काही मिनिटं लागतात.

चढ विसरू नका. 2000 साली ऑस्ट्रियातल्या काप्रुनच्या तीव्र चढाच्या रेल्वे बोगद्यात गाडी पेटली आणि धूर चिमणीसारखा वर धावला. वर पळणारे त्यात सापडले. मागच्या डब्यातले 12 जण खिडकी फोडून आगीच्या बाजूने खाली उतरले आणि वाचले.