मृगाआधी इंजिन आणि ट्रॉलीला गंजरोधक रंग: काय काय तयारी हवी

गळीत हंगाम संपला की ट्रॅक्टर शेडला लागतो आणि ट्रॉली लिंबाखाली उभी राहते, ती थेट पुढच्या हंगामापर्यंत. सोलापूरची हवा कोरडी, इथे कसला गंज, असं बरेच जण म्हणतात. पण ट्रॉलीच्या सांध्यासांध्यात उसाचा रस आणि पाचट अडकलेलं असतं. त्याच ट्रॉलीतून पोटॅशची पोती आलेली असतात. डाळिंबाच्या बागेत फवारणीला गेलेल्या ट्रॅक्टरवर मोरचूदाचं पाणी उडालेलं असतं. पोटॅश खतातलं क्लोराइड हवेतला ओलावा धरून ठेवतं. मोरचूद उघड्या लोखंडाला लागलं की त्यातलं तांबं वर बसतं आणि लोखंड झिजतं. वळवाची एक सर पडली की हे सगळं कामाला लागतं, आणि मग गाडी उभी असतानाच जास्त गंजते. म्हणून मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनच्या बऱ्याच आधी, हे काम उरकलेलं बरं.

रंगाचा डबा आणायला सगळ्यात शेवटी जा. आधी इंजिन सुरू करून तापवा आणि खालून-वरून नीट न्याहाळा. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग पाझरतंय का, सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) कडेला तेल जमतंय का, डिझेल पंपाच्या जोडाशी ओल आहे का, हे बघा. गळती असेल तर पॅकिंग बदलून घ्या, मगच पुढचं काम. तेलावर मारलेला कोणताही रंग टिकत नाही, मग तो कितीही भारीतला असो.

धुण्याच्या कामात घाई नको. डिझेल किंवा रॉकेलने ब्रश मारून चिकट थर काढायची आपली पद्धत ठीक आहे, पण ते काम तिथे संपत नाही. डिझेलचाही पातळ थर मागे राहतो. त्यावर कपड्यांच्या पावडरचं गरम पाणी, मग साधं पाणी, आणि वाळल्यावर थिनरने पुसणं, असं तीन टप्प्यांत व्हायला हवं. बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा ब्लॉक असेल तर त्याच्या बारीक छिद्रांत मुरलेलं तेल उष्णतेने बाहेर येतं, म्हणून धुऊन झाल्यावर इंजिन पुन्हा एकदा तापवा, थंड होऊ द्या आणि परत पुसा. शेवटी हाताने थोडं पाणी शिंपडून बघा. पाणी एकसारखं पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. थेंब थेंब होऊन उभं राहिलं तर तिथे अजून तेल आहे. बोअरचं पाणी वापरलं असेल तर ते गाडीच्या अंगावर वाळू देऊ नका. आपल्याकडचं पाणी जड, त्याचे पांढरे क्षार रंगाखाली राहतात. पुसायला कापड कोणतं घ्यायचं, हेही सांगतो. सोलापुरात टॉवेलच्या चिंध्यांना तोटा नाही, पण त्यांचे धागे सुटतात आणि प्रायमरमध्ये चिकटून बसतात. धुतलेल्या जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं कापड घ्या.

बॅटरीचा ट्रे आठवणीने उचला. त्याखाली पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर ती बॅटरीच्या आम्लामुळे झालेली असते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्यावर टाका. फेस यायचा थांबेपर्यंत टाकत राहा, मग स्वच्छ धुवा.

आता गंज. सुटलेली खपली पत्र्याच्या कडेने, तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरला कप ब्रश लावून काढायची. त्यानंतर ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२० आणि शेवटी २२०. अगदी आरशासारखं घासू नका, प्रायमरला धरायला थोडा खरबरीतपणा लागतो. जुना रंग जिथे घट्ट आहे तिथे तो सगळा उतरवायची गरज नाही. कडा मात्र अशा घासा की बोट फिरवल्यावर पायरी लागणार नाही. गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असतं, म्हणून तो खालून फुगतो आणि वरच्या रंगाचा पापुद्रा उचलून टाकतो. हे ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर कुणीही बघू शकतो. फोड आलेला असतो, नखाने उचलला की खाली तपकिरी भुगा आणि त्या भुग्याखाली पत्र्याला खड्डा.

खड्ड्यांतला गंज ब्रशने निघत नाही. तिथे फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावतात. काळपट झालं की ते लागू पडलं असं समजायचं. ते किती वेळ ठेवायचं आणि नंतर धुवायचं की नाही, हे डब्यावर जसं लिहिलंय तसंच करा, कारण प्रत्येकाचं वेगळं असतं. लहान लोखंडी नग, म्हणजे ब्रॅकेट, पिना, क्लँप वगैरे, मोलॅसिसच्या (साखर कारखान्यातल्या मळीच्या) पाण्यात भिजवूनही साफ होतात. एक भाग मोलॅसिसला साधारण नऊ भाग पाणी, आणि आठवडाभर किंवा त्याहून जास्त धीर. आपल्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने असताना ही युक्ती फार थोड्यांना माहीत आहे याचं मला नवल वाटतं. ॲल्युमिनियमचे भाग मात्र त्यात घालू नका, ते खाल्ले जातात.

उघडं लोखंड रात्रभर तसंच सोडायचं नाही. घासलं त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे, म्हणून जेवढं एका दिवसात होईल तेवढंच घासायला घ्या.

रंग विकत घेताना दुकानदाराला नुसतं ‘गंजाचा रंग द्या’ म्हणू नका. कुठला भाग किती तापतो ते सांगा. चासी, ट्रॉली, मडगार्ड, ड्रॉबार यांना रेड ऑक्साईड प्रायमर आणि वर एनॅमल चालतं. जास्त टिकाऊ हवं असेल तर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर घ्या. नुसता रेड ऑक्साईड मारून गाडी पावसात उभी करू नका. तो सच्छिद्र असतो, पाणी आत घेतो, वरचा हात लागतोच. इंजिनाचा ब्लॉक, सम्प, टायमिंग कव्हर यांना इंजिन एनॅमल घ्या. पाणीच ९० अंशांच्या आसपास असतं, साधा रंग तिथे पिवळा पडतो आणि सुटतो. ॲल्युमिनियमच्या कव्हरवर रेड ऑक्साईड धरत नाही, तिथे एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला हलकं खाऊन घट्ट धरणारा प्रायमर लागतो. मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर सायलेन्सरकडे नेणारा भाग) आणि सायलेन्सरचं तर गणितच वेगळं. तिथे ६०० अंशांपर्यंत चालणारा सिलिकॉनचा उष्णतारोधक ॲल्युमिनियम रंग हवा, तोही थेट स्वच्छ धातूवर. खाली साधा प्रायमर मारलात तर तो जळेल आणि वरचा रंगही घेऊन पडेल.

आणि जळकं ऑइल चासीला फासायची सवय सोडा. त्यात ज्वलनातून आलेली आम्लं असतात, रबरी बुश आणि होज त्याने फुगतात, धूळ बसून लगदा होतो, आणि पुढच्या वेळी रंग मारायचा म्हटलं तर ते काढता काढता जीव जातो.

झाकायचे भाग रंगाचा डबा उघडायच्या आधीच झाका. ऑइल सील, बेल्ट, पुलीची खाच, रबरी नळ्या, ग्रीस निप्पल, ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारं तोंड), अर्थिंगच्या वायरची जागा, आटे, पॅकिंग बसणाऱ्या घासलेल्या सपाट जागा. ब्रेकचा ड्रम आणि लायनर यांच्या जवळपासही रंग उडता कामा नये. अल्टरनेटर आणि स्टार्टरला पिशवी बांधा. एअर क्लीनरच्या तोंडात कापड. रेडिएटरच्या जाळीला जाड रंग देऊ नका, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या पंखांनाही नाही, उष्णता अडते. इंजिन नंबर आणि चासी नंबरवर मास्किंग टेप लावाच. आरटीओत पासिंगला गेल्यावर नंबर वाचता आला नाही तर हेलपाटे पडतात.

वेळ सकाळची. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि उन्हातल्या पत्र्याला हात लावता येत नाही. अशा वेळी स्प्रे मारला तर थिनर हवेतच उडून जातं, रंग पत्र्यावर पोहोचेपर्यंत भुकटी होतो आणि हाताला खरखर लागते. दिवस उगवल्यानंतर सावलीत सुरू करा, ऊन तापायच्या आत थांबा. दुपारच्या वाऱ्याची धूळ टाळायची म्हणून आधल्या दिवशी शेडमध्ये पाणी मारून ठेवा. पाऊस पडून गेल्यावर लगेच मात्र मारू नका, दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते. इपॉक्सीत हार्डनर घातलं की घड्याळ सुरू झालं म्हणून समजा. डब्यावरची वेळ २५ ते ३० अंशांसाठी असते, आपल्या उन्हाळ्यात ती बरीच कमी होते, तेव्हा थोडं थोडंच कालवा. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्या. जाड थर वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि सुरकुततो.

बॅटरीची वायर काढून ठेवा, विडी-काडी लांब, दारं-खिडक्या उघड्या. जुना पिवळा किंवा नारिंगी प्रायमर घासायचा असेल तर पाण्याने ओला करून घासा, त्यात शिसं किंवा क्रोमेट असू शकतं. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला घातक असते. तिथे तोंडाला बांधलेला रुमाल काही कामाचा नाही, वाफ अडवणारा फिल्टरवाला मास्क असेल तरच तो स्प्रे हातात घ्या, नाहीतर पेंटरकडे द्या.

सायलेन्सरचा रंग नुसता वाळून पक्का होत नाही, तो भाजावा लागतो. दुसऱ्या दिवशी सगळे बांधलेले कागद, पिशव्या, टेप काढा. जितकी कापडं कोंबली होती तितकी मोजून बाहेर घ्या, एअर क्लीनरचं सगळ्यात आधी. मग बॅटरी जोडून इंजिन दहा-पंधरा मिनिटं हळू चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, परत जरा जास्त वेळ चालवा. पहिल्यांदा धूर येईल, वासही येईल, तो रंगाचाच. ट्रॉलीच्या तळातली पाणी निघायची भोकं रंगाने बुजली असतील तर खिळ्याने मोकळी करा, आणि उरलेल्या एनॅमलचं झाकण घट्ट ठोकून डबा सावलीत ठेवा. गळितात दगड लागून टवके उडतात, त्या जागा त्याच आठवड्यात पुसून ब्रशने भरता येतील.