जुन्या फोर बाय फोरला लिफ्ट किट नंतर, आधी रबर बघा

जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देता येते अशी गाडी) हातात आली की सगळ्यांचा जीव लिफ्ट किट (गाडी उंच करायचे सुटे भाग) आणि मोठ्या टायरांत अडकतो, पण बायकापोरांना घेऊन फिरायचं असेल तर पहिले पैसे रबरावर घाला. रेडिएटरचे होज इंजिन थंड असताना दाबून बघा, कडक झालेत, लिबलिबीत लागतायत किंवा क्लॅम्पजवळ फुगलेत तर सरळ बदला, आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते कुणालाच आठवत नसेल तर नवीन भरूनच घ्या, कारण ते हवेतली ओल ओढतं आणि लांब उतारावर ऐनवेळी पॅडल खाली जातं.

दुसरं म्हणजे डिफरेन्शियलचा, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या ऑइल भरलेल्या गिअरच्या डब्याचा (थोडक्यात डिफचा) ब्रीदर, आतली हवा ये-जा करायचं छोटं तोंड. तापलेला डिफ थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बुडालेला किंवा तुंबलेला असला तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. माझ्या गाडीचा ड्रेन बोल्ट उघडला तर ऑइल दुधाळ! ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेऊन बांधली, किरकोळ काम आहे, लिफ्टच्या आधी हे करा.

टायर एक साइज मोठे पुरे. फार मोठे घातले की पिकअप मरतो, ब्रेकवर ताण येतो आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी स्पीड दाखवतो. वाळूत हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, पण डांबरीवर यायच्या आधी परत भरायची, म्हणून छोटा कॉम्प्रेसर गाडीतच ठेवा. आणि हो, पार्ट-टाइम फोर बाय फोर (म्हणजे एरवी दोन चाकांवर आणि लावलं तरच चारही चाकांवर चालणारं) असेल तर कोरड्या डांबरीवर ते लावायचं नाही, वळताना गिअरच्या भागांवर ताण बसतो.