अवरोधक कावीळ: या चुका टाळा

डोळे पिवळे दिसले की आधी यकृतावर संशय घेतला जातो. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात येणाऱ्या बऱ्याच काविळींत यकृत पित्त तयार करतच असते, ते आतड्यात उतरण्याची वाट बंद झालेली असते. म्हणून लघवी आणि शौचाचा रंग न विचारता थेट रिपोर्ट वाचायला घेऊ नका. गडद लघवी, पांढुरकी शौच आणि अंगभर खाज असेल, रक्तात डायरेक्ट बिलिरुबिन (यकृताने प्रक्रिया केलेले पिवळे रंगद्रव्य) व अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त अडले की वाढणारे एन्झाइम) चढलेले असेल, तर आधी सोनोग्राफीत पित्तनलिका फुगली आहे का ते पाहा. एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) जास्त म्हणजे हेपॅटायटिसच, म्हणजे यकृताचा दाहच, असेही नाही. पित्ताचा खडा नलिकेत अचानक अडकला तर सुरुवातीला ते हजाराच्या घरातही जाऊ शकते.

सर्वांत महाग पडणारी समजूत म्हणजे 'दुखत नाही, मग गंभीर नसेल'. न दुखता वाढत जाणारी कावीळ आणि सोबत घटलेले वजन दिसले, तर स्वादुपिंडाच्या डोक्याचा किंवा पित्तनलिकेचा कॅन्सर नाही हे आधी सिद्ध करा. खड्याची कावीळ बहुधा कळ घेऊन येते आणि कमी-जास्त होत राहते. पण अँप्युलाच्या (पित्तनलिका आतड्यात उघडते त्या जागेच्या) गाठीचा काही भाग झडला तर त्या गाठीची कावीळही काही दिवस उतरते, तेव्हा बिलिरुबिनचा आकडा खाली आला म्हणून तपास थांबवू नका.

स्विस सर्जन कुर्व्हॉसिए यांचा 1890 चा नियम सगळ्यांना पाठ असतो: काविळीत पोट तपासताना पित्ताशय हाताला लागले, तर कारण खडा असण्याची शक्यता कमी. तो उलटा मात्र वाचू नये. पित्ताशय लागत नाही म्हणून कॅन्सर नाही, असे ठरत नाही. यकृताच्या दाराशीच अडथळा असेल तर पित्ताशय रिकामेच राहते. पित्ताशय काढलेल्या रुग्णात मागे राहिलेला खडा किंवा नलिकेची इजा शोधावी लागते.

कावीळ, हुडहुडी भरून ताप आणि पोटदुखी एकत्र आली तर तो पित्तनलिकेचा जंतुसंसर्ग समजा. त्यात रक्तदाब घसरला किंवा रुग्ण बरळू लागला, तर अँटिबायोटिक सुरू करून पित्ताचा निचरा तातडीने करायला हवा.

एरवी स्टेंटची, म्हणजे पित्ताची वाट मोकळी ठेवायला नलिकेत बसवायच्या बारीक नळीची, घाई नको. गाठीचा संशय असेल तर आधी सीटी स्कॅन; स्टेंट बसल्यावर चित्र गढूळ होते. केवळ शस्त्रक्रियेपूर्वीची प्रथा म्हणून निचरा केल्याने गुंतागुंत वाढते. संसर्ग, फारच चढलेले बिलिरुबिन किंवा लांबणारी शस्त्रक्रिया ही कारणे वेगळी.

पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) न पाहता रुग्णाला टेबलावर घेऊ नका. पित्ताशिवाय रक्त गोठण्यासाठी लागणारे व्हिटॅमिन के नीट शोषले जात नाही, म्हणून ते इंजेक्शनने द्या. त्यानेही आयएनआर सुधारला नाही तर यकृताच्या कामाबद्दल शंका घ्या. शरीरातले पाणी कमी पडू देऊ नका, या रुग्णांची मूत्रपिंडे लवकर कुरकुरतात.

निचरा झाल्यावर बिलिरुबिन सावकाश उतरते, कारण त्याचा काही भाग अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला घट्ट चिकटलेला असतो. खाज कमी आणि अल्कलाइन फॉस्फटेज उतरणीला असेल तर स्टेंट बदलण्याचे कारण नाही. ताप आला किंवा आकडा पुन्हा चढला, तर मात्र त्याच दिवशी सोनोग्राफी करा.