डोकं आवळल्यासारखं दुखतंय? या चुका टाळा

कपाळाभोवती फडकं करकचून बांधल्यासारखं दोन्ही बाजूंनी दाबतं, मान आणि खांदे कडक होतात. पण ठणका नसतो, उलटी होत नाही, घाटी चढलात तरी दुखणं वाढत नाही. ही ताणाची डोकेदुखी. अर्ध्या तासात जाते, नाहीतर 7 दिवससुद्धा रेंगाळते.

हिला अर्धशिशी समजणं ही पहिली चूक. अर्धशिशीत बहुधा एक बाजू ठणकते, मळमळतं, उजेड-आवाज नकोसा होतो आणि माणूस अंधारात पडून राहतो. ताणाच्या दुखण्यात कुरकुरत का होईना, कामं उरकली जातात. 'पित्ताचं डोकं' म्हणून घशात बोटं घालून उलटी काढण्याचाही इथे उपयोग नाही. बीपीची शंका असेल तर मोजून घ्या. अंदाजाने जादा गोळी घेऊ नका.

खरी गोम बहुतेकदा मानेत असते. आदोळीवर बसून नारळ खवणं, सुपारी सोलणं, जाळं दुरुस्त करणं, सीझनला आंब्याच्या पेट्या भरणं, या सगळ्यात डोकं तासन् तास पुढे झुकलेलं असतं. साडेचार-पाच किलोचं ते वजन मानेचे मागचे स्नायू तोलून धरतात, आखडतात आणि कळ मानेतून कपाळापर्यंत येते. (मोबाइलवर रील बघणाऱ्याची मानही तशीच वाकलेली असते, फक्त काम होत नाही.) दर अर्ध्या तासाने उठा. हनुवटी सरळ मागे ओढून 5 सेकंद धरा, असं 10 वेळा करा. माल जमिनीवर ठेवण्याऐवजी टेबलावर घ्या. संध्याकाळी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी 15 मिनिटं मानेवर ठेवा. चाळिशी लागली असेल तर ती लावूनच जाळ्याला हात घाला.

उपास आणि चहा ही जोडीही त्रास देते. रिकाम्या पोटी डोकं धरतंच. त्यात रोज चार-पाच कप घेणाऱ्याने चहा एकदम सोडला, तर 12 ते 24 तासांत डोकं दुखायला लागतं. सोडायचा तर तीन-चार दिवसांनी एकेक कप कमी करा. एप्रिल-मेच्या घामट हवेत पाणी कमी पडू देऊ नका; मीठ घातलेलं कोकम सरबत चालेल.

सगळ्यात महागात पडते ती गोळीची सवय. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल 500 ची एक गोळी बहुधा पुरते. दुसरी किमान 4 ते 6 तासांनी. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेत असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त वेळा गोळी लागत असेल तर थांबा. महिन्यात 15 किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामकं घेत राहिलं, की त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागतं. मिश्र (एकाहून जास्त औषधं असलेल्या) गोळ्यांना 10 दिवसही पुरतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखल्याच्या आणि गोळीच्या दिवशी खूण करा आणि तेच पान डॉक्टरांना दाखवा. रोजच्या दुखण्यावर वेगळी, प्रतिबंधक औषधं असतात.

लावणीच्या दिवसांत चिखलात काम केल्यावर ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं दिसलं तर ताण समजून घरी बसू नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे दूषित चिखल-पाण्यातून होणारा ताप) असू शकतो, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. क्षणात भडकलेली भयंकर डोकेदुखी, तापासोबत ताठ मान, बोबडं बोलणं, हातापायातली ताकद जाणं किंवा माडावरून पडल्यानंतरचं दुखणं असेल, तर थेट इस्पितळ गाठा.