एकेक डोळा झाकून पाहा: मॅक्युलर डीजनरेशन कसं ओळखावं आणि उपचार कसे घ्यावेत

दोन डोळे असण्याचा एक तोटा आहे. एकाचं बिघडलेलं दुसरा सांभाळून घेतो आणि मालकाला पत्ता लागू देत नाही. पन्नाशीनंतर दृष्टिपटलाच्या मधल्या भागाची होणारी झीज, म्हणजे एज-रिलेटेड मॅक्युलर डीजनरेशन (डॉक्टर थोडक्यात 'एएमडी' म्हणतात), उशिरा सापडते ती बहुधा यामुळेच. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. एका डोळ्याची मधली नजर महिनोन्‌महिने उतरत असते आणि माणूस चष्म्याच्या नंबराला दोष देत राहतो. मग कधीतरी चांगल्या डोळ्यात कचरा जातो, तो चोळताना दुसराच तेवढा उघडा असतो आणि समोरच्याच्या चेहऱ्याच्या जागी धूसर डाग दिसतो.

आधी काय बिघडतं ते पाहू. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मधोमध जेमतेम ५ मिलिमीटरचा एक भाग असतो, तो मॅक्युला. वाचणं, सुई ओवणं, चेहरा ओळखणं ही सगळी बारीक कामं या एवढ्याशा जागेवर चालतात. बाजूची नजर उरलेला पडदा सांभाळतो आणि एएमडीत ती सहसा शाबूत राहते. म्हणून असा माणूस घरात न अडखळता वावरतो, कोपऱ्यात पडलेलं बटणही त्याला दिसतं, पण हातातल्या कागदावरचा नेमका मधला शब्द दिसत नाही. घरच्यांना हे सोंग वाटतं. ते सोंग नसतं, या आजाराची ती ओळखच आहे.

आजाराचे प्रकार दोन. 'कोरड्या' प्रकारात पडद्याखाली ड्रुसेन नावाचे पिवळसर ठिपके साचतात आणि पेशी हळूहळू मरतात. याला वर्षं लागतात. 'ओल्या' प्रकारात पडद्याखाली नको त्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवतात. त्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं, पडदा फुगतो आणि नजर काही आठवड्यांत, कधी दिवसांतही जाते. १० रुग्णांपैकी साधारण ९ जणांना कोरडा प्रकार असतो. पण कोरड्याचं ओल्यात रूपांतर कधीही होऊ शकतं, आणि ते पहिल्यांदा लक्षात येतं ते घरी, रुग्णाच्या स्वतःच्या.

पायरी १: घरी तपासा

स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांच्या नावाने ओळखला जाणारा एक साधा तक्ता आहे. १० सेंटिमीटरचा चौरस, त्यात ५-५ मिलिमीटरचे चौकोन आणि मधोमध एक ठिपका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तो मिळतो. वापरायचा असा:

१. जवळचं वाचायचा चष्मा घाला. चष्म्याविना पाहिलं तर दोष नंबरचा की पडद्याचा, ते कळणार नाही. प्रोग्रेसिव्ह काच असेल तर जास्त काळजी घ्या, कारण तिच्या कडांतून सरळ रेषासुद्धा वाकलेल्या दिसतात. वाचायचा वेगळा चष्मा असेल तर तोच बरा.

२. भरपूर उजेडात तक्ता डोळ्यांपासून साधारण ३० सेंटिमीटरवर धरा.

३. एक डोळा तळहाताने झाका, पण दाबू नका. दाबलेला डोळा उघडल्यावर काही क्षण अंधूकच दिसतं आणि मग त्याची पाळी आली की विनाकारण घाबरायला होतं.

४. नजर मधल्या ठिपक्यावर रोखा. खरी अडचण इथेच येते, कारण नजर लगेच रेषांच्या मागे धावते. ठिपक्यावरून न हलता स्वतःला विचारा: ठिपका दिसतोय का? चारही कोपरे दिसतात का? कुठे रेषा वाकली आहे, चौकोन लहानमोठे झालेत, काही पुसट किंवा गायब आहे का?

५. दुसऱ्या डोळ्याने हेच करा. वेगळं काही दिसलं तर तक्त्याच्या प्रतीवर पेनाने काढून ठेवा आणि बाजूला तारीख व 'उजवा' किंवा 'डावा' लिहा. 'जरा वाकडं दिसतं' असं तोंडी सांगण्यापेक्षा हा कागद डॉक्टरांच्या जास्त कामाचा असतो.

आजाराचं निदान झालेल्यांनी हे रोज करावं. तक्ता हाताशी नसेल तर दाराची चौकट किंवा खिडकीचे गज एकेका डोळ्याने पाहिले तरी चालतं. मात्र तक्ता ठीक दिसला म्हणजे डोळा ठीक, असं समजू नका. बारीक गाळलेल्या जागा मेंदू आपल्याआपण भरून काढतो आणि सुरुवातीच्या टप्प्यात तर काहीच लक्षण नसतं.

आणखी काही खुणा: मंद उजेडात वाचणं जड जाणं, उन्हातून घरात आल्यावर डोळे सरावायला पूर्वीपेक्षा वेळ लागणं, रंग फिके वाटणं, वाचताना शब्दातलं एखादं अक्षर गळणं.

पायरी २: घाई कधी करायची ते ठरवा

हळूहळू वाढलेल्या अंधुकपणासाठी येत्या काही दिवसांतली वेळ घेतली तरी चालेल. पण सरळ रेषा नव्याने वाकड्या दिसू लागल्या, किंवा मध्यभागी अचानक डाग आला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात फोन करा आणि 'रेषा वाकड्या दिसतात' हेच शब्द वापरा. नुसतं 'कमी दिसतं' म्हटलं तर पुढच्या महिन्याची तारीख मिळू शकते. अशा वेळी नवा चष्मा करून बघण्यात आठवडे घालवू नयेत. गाठायचं असतं ते पडद्याच्या तज्ज्ञाला, म्हणजे रेटिना स्पेशालिस्टला.

पायरी ३: तपासणीला जाताना

बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास जवळचं दिसत नाही आणि उजेड खुपतो. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. मुख्य तपासणी ओसीटीची. हनुवटी टेकवून काही मिनिटं बसायचं, डोळ्याला काहीही लागत नाही आणि पडद्याचे थर आडव्या छेदात दिसतात. पाणी साचलंय का, ते यात कळतं. शंका राहिली तर हाताच्या शिरेतून फ्लुओरेसिन हा रंग देऊन अँजिओग्राफी करतात. त्यानंतर त्वचा काही तास पिवळसर आणि लघवी दिवसभर गडद पिवळी दिसते, त्याला घाबरू नये.

बाहेर पडण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याच. कोणत्या डोळ्यात कोरडा आणि कोणत्यात ओला? आजार सुरुवातीचा, मधला की पुढचा? मला जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा उपयोग आहे का? मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर चौथा प्रश्न: पडदा कसा आहे? भिंग कितीही चांगलं बसवलं तरी झिजलेला मॅक्युला त्याने सुधारत नाही, आणि हे आधी सांगितलं नसेल तर नंतर शस्त्रक्रियेवरच राग निघतो.

पायरी ४: कोरडा असेल तर

सिगारेट, विडी ओढत असाल तर पहिलं काम ते सोडणं. वय आणि आनुवंशिकता आपल्या हातात नसतात. जे हातात आहे त्यातला सगळ्यात मोठा धोका धूम्रपानाचा. रक्तदाब आटोक्यात ठेवणं, पालेभाज्या आणि मासे खाणं हेही चांगलंच.

गोळ्यांबद्दल मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण 'डोळ्यांसाठी' असं लिहिलेल्या बाटल्या बाजारात पुष्कळ आहेत. अमेरिकेतल्या 'एरेड्स' अभ्यासात २००१ मध्ये दिसलं की ठरावीक मात्रेतली जीवनसत्त्वं आणि झिंक घेतल्याने आजार पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका ५ वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतो. हा फायदा मधल्या टप्प्यातल्या, किंवा एका डोळ्यात आजार पुढे गेलेल्या रुग्णांना झाला. सुरुवातीच्या टप्प्यात फायदा दिसला नाही, आणि आईला आजार आहे म्हणून निरोगी मुलाने गोळ्या घेण्यालाही आधार नाही. २०१३ च्या 'एरेड्स २' मध्ये आधीच्या गोळीतलं बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) काढून त्याजागी ल्युटीन आणि झिअॅक्सँथिन आलं, कारण धूम्रपान करणाऱ्यांत आणि करून सोडलेल्यांत बीटा-कॅरोटीनने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. लेबलवर हे असावं: क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्व ४०० युनिट, ल्युटीन १० मिलिग्रॅम, झिअॅक्सँथिन २ मिलिग्रॅम, झिंक ८० मिलिग्रॅम, तांबं २ मिलिग्रॅम. ओमेगा ३ जोडून जास्तीचा फायदा दिसला नाही, तेव्हा त्यासाठी जादा पैसे मोजायचं कारण नाही. मात्रा मोठ्या आहेत; रक्त पातळ करणाऱ्या किंवा इतर नेहमीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा.

कोरडा आजार फार पुढे जाऊन पडद्याचे तुकडेच झिजून जातात, त्या अवस्थेसाठी २०२३ मध्ये अमेरिकेत पेगसेटाकोप्लान आणि अवासिनकॅप्टाड पेगोल या दोन इंजेक्शनांना मान्यता मिळाली. ती झीज मंदावतात, गेलेली नजर परत आणत नाहीत, आणि ओला प्रकार सुरू होण्याचा धोका थोडा वाढवतात. हे ऐकूनच निर्णय घ्यावा.

पायरी ५: ओला असेल तर

उपचार म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. हे शब्द ऐकूनच निम्मे लोक गार पडतात, म्हणून प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. भूल देणारे थेंब घालतात. मग डोळा आयोडिनच्या द्रावाने धुतात. सगळ्यात जास्त चुरचुरतं ते हेच. पापण्या उघड्या ठेवायला छोटी क्लिप लावतात, दुसरीकडे बघायला सांगतात आणि बुबुळापासून ३.५ ते ४ मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून सुई जाते. दाब जाणवतो आणि काही सेकंदांत काम संपतं. त्या दिवशी नजरेसमोर गोल काळे बुडबुडे तरंगू शकतात, पांढऱ्या भागात लाल डाग उमटू शकतो, रात्री आयोडिनमुळे खुपू शकतं. हे सगळं आपोआप जातं. पण पुढच्या काही दिवसांत दुखणं वाढत गेलं, उजेड सहन होईना किंवा नजर उतरली, तर जंतुसंसर्गाची शंका घेऊन रात्र असली तरी दवाखाना गाठा. असं क्वचितच होतं, काही हजार इंजेक्शनांत एखाद्या वेळी, पण झालं तर तासांचा हिशेब असतो.

औषधं रक्तवाहिन्या उगवायला लावणारं व्हीईजीएफ हे प्रथिन अडवतात. रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये आलं, पुढे अफ्लिबरसेप्ट आणि फॅरिसिमॅब आले. रॅनिबिझुमॅबच्या एका मोठ्या चाचणीत वर्षअखेर सुमारे ९५ टक्के रुग्णांची नजर टिकून राहिली किंवा फार उतरली नाही. मूळचं कर्करोगासाठीचं बेव्हॅसिझुमॅबही वापरतात. ते बरंच स्वस्त असतं आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत वर्षभरानंतर नजरेच्या बाबतीत ते रॅनिबिझुमॅबच्या बरोबरीचं ठरलं. खर्च झेपत नसेल तर उपचार सोडण्याआधी याबद्दल जरूर विचारा.

सुरुवातीला सहसा महिन्याला एक अशी ३ इंजेक्शनं. मग पडदा कोरडा राहिला तर अंतर हळूहळू वाढवत ८, १२, काहींना १६ आठवड्यांपर्यंत नेतात. माझ्या मते उपचार फसतात ते इथे. दिसायला लागलं की लोक येणं बंद करतात, पाणी गुपचूप पुन्हा साचतं आणि एकदा पडद्यावर व्रण झाला की इंजेक्शनांचा उपयोग उरत नाही. पुढची तारीख हातात घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका, आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरही टाकून ठेवा.

उरलेल्या नजरेने काम

दिव्याचा झोत खांद्यामागून थेट कागदावर येऊ द्या. फोनची अक्षरं मोठी आणि ठळक करा किंवा त्याला मोठ्याने वाचायला लावा. भिंग लो व्हिजन तज्ज्ञाकडे, म्हणजे उरलेल्या नजरेचा वापर शिकवणाऱ्याकडे, वापरून बघूनच घ्या. मधला भाग गेला असेल तर नजर किंचित बाजूला ठेवून पाहण्याचं प्रशिक्षण मिळतं. सरावाने चेहरे आणि मोठी अक्षरं पुन्हा पकडता येतात.

काहींना नसलेल्या गोष्टी दिसतात: माणसं, नक्षी, प्राणी. याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात. १७६० मध्ये जिनिव्हाच्या बोने यांनी आपल्या आजोबांचा असा अनुभव लिहून ठेवला होता. डोळ्यांकडून येणारी माहिती कमी झाली की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो. वेड लागलं समजतील या भीतीने लोक ते लपवतात. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, म्हणजे दुसरं काही कारण नाही ना तेही तपासून होईल.

आजार घरात एकाला निघाला तर पन्नाशीपुढच्या भावंडांनीही बाहुली मोठी करून पडदा एकदा तपासून घ्यावा.