बीपीची गोळी चालू आहे? मग ‘बाकी काही नाही’ म्हणण्याची चूक टाळा

औषधाच्या दुकानात मी प्रत्येकाला विचारतो, “आणखी काय चालू आहे?” उत्तर ठरलेलं असतं, “बीपीची एक गोळी, बाकी काही नाही.” घोळ असतो तो या ‘बाकी’त.

नेहमी येणाऱ्या एका काकूंना जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. मशीनवर बीपी ठीक, पण नाडी मिनिटाला ४४. गोळी वर्षानुवर्षं तीच, मेटोप्रोलॉल. पिशवी रिकामी करायला लावली, तेव्हा तळाशी काचबिंदूच्या थेंबांची बाटली निघाली. टिमोलॉल. गोळी आणि थेंब, दोन्ही बीटा ब्लॉकर. दोन्ही हृदयाची गती कमी करणारे. डोळ्यातला थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथून रक्तात शिरतो. गोळीसारखा आधी यकृतातून जात नाही, त्यामुळे एवढासा थेंबही हृदयाला जाणवतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना गोळी ठाऊक नव्हती, बीपीच्या डॉक्टरांना थेंब. काकूंना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं.

थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा, औषध रक्तात कमी उतरतं. तरी दोन्ही डॉक्टरांना सांगायचंच. घाबरून मेटोप्रोलॉल मनानेच बंद करू नका. एकदम थांबवली की नाडी उसळते, हृदयविकार असेल तर झटकाही येऊ शकतो. बीटा ब्लॉकरसोबत व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम चालू असेल, तरीही नाडी अशीच मंदावू शकते; याही बीपी-हृदयाच्याच गोळ्या.

सर्दीची गोळी घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. चोंदलेल्या नाकासाठी त्यात घातलेलं फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आकसवतं, आणि त्याने बीपी चढू शकतं. गुडघेदुखीवर रोज घेतलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक बीपीच्या गोळीचा परिणाम कमी करते. या वेदनाशामकासोबत टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळीही असेल तर मूत्रपिंडही धोक्यात येतं.

ज्येष्ठमधाला तर कुणी औषध मानतच नाही. खोकल्याला एखादी कांडी चघळली तर सहसा बिघडत नाही. पण रोजचा काढा आठवडेच्या आठवडे चालला, तर शरीरात मीठ-पाणी साठतं, बीपी वाढतं आणि पोटॅशियम घटतं. लघवीच्या गोळीने ते आणखी घसरतं, मग नाडीचे ठोके चुकायला लागतात. कमी सोडियमच्या मिठाचं याच्या उलट: त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टन, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्या तेच शरीरात अडवून धरतात. हे मीठ डॉक्टरांना विचारूनच आणा.

एक गोष्ट पुरुष लाजेपोटी लपवतात: लैंगिक ताठरतेसाठी घेतलेली गोळी. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तासांत, टॅडालाफिलनंतर ४८ तासांत नायट्रेटची, म्हणजे हृदयविकाराने छातीत दुखल्यावर देतात ती गोळी घेतली, तर बीपी एकदम कोसळतं, जीवावर बेततं. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं, तर जिभेखाली गोळी ठेवण्याआधी हे डॉक्टरांच्या कानावर घाला.