देवाचा आवाज ऐकू येत नाही? आधी या चुका टाळा

मागच्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, कपाट आवरताना माझी चर्चमधल्या संदेशाच्या नोट्सची जुनी डायरी सापडली. वचनं पेनने नीट लिहिलेली आणि शेजारी मार्जिनमध्ये पेन्सिलने बारीक अक्षरात, "हे मोठ्या जाऊबाईंनी ऐकायला पाहिजे होतं". तीन पानांनंतर परत तेच. माझ्यासाठी काय होतं ते मात्र एकाही पानावर नव्हतं. त्या दिवशी मी खूप रडले, कारण वर्षभर मी प्रार्थनेत देवाला विचारत होते की प्रभू तू माझ्याशी बोलत का नाहीस.

तर पहिली चूक हीच, संदेश दुसऱ्याच्या नावावर घेणं. पाळक (चर्चचे धर्मगुरू) क्षमेवर बोलायला लागले की आपली नजर आपोआप दोन बाक पुढे जाते. नजर तिकडे गेली की लगेच वाक्य बदलून बघा, "तिने" च्या जागी "मी" घाला. येशूचा शिष्य पेत्र, त्याने पण दुसऱ्या शिष्याकडे, योहानाकडे बघून येशूला विचारलं होतं, प्रभू, याचं काय? आणि उत्तर काय मिळालं तर त्याच्याशी तुला काय करायचंय, तू माझ्यामागे ये (बायबल, योहान २१).

दुसरी चूक जास्त अवघड आहे. आपल्या मनातल्या रागालाच देवाचा आवाज समजणं. "देवाने माझ्या मनात घातलं म्हणून सांगते" असं म्हणून आपण समोरच्याला सुनावतो. इथे मला नेहमी एली याजक आठवतो. बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात हन्ना मंदिरात मनातल्या मनात प्रार्थना करतेय, नुसते ओठ हलतायत, आवाज नाही, आणि एली तिथेच बसून तिच्या तोंडाकडे बघतोय आणि म्हणतो की ही दारू प्यायलीय. इतक्या जवळून बघून! मूल नाही म्हणून जीव तुटत असलेली बाई, आणि देवाच्या घरातला अनुभवी माणूस तिला बेवडी ठरवतो. त्याने आधी एक प्रश्न विचारला असता, बाई काय झालं, तर पुरे होतं. कुणाबद्दल मनात काही पक्कं ठरायच्या आधी तो प्रश्न विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.

पण म्हणून कुणाला काहीच बोलायचं नाही असं नाही हं, गप्प बसणं ही तिसरी चूक. "न्याय करू नका" म्हणत घरातली मारहाण, मंडळीच्या म्हणजे चर्चच्या पैशातली गडबड झाकून ठेवणारे लोक मी पाहिलेत. त्याच एलीची मुलं, हफनी आणि फिनहास, अर्पणातलं हिसकावून घ्यायची, आणि त्याने नुसतं रागावून सोडून दिलं, थांबवलं नाही. देवाने त्याला त्याचा जाब विचारला. मत्तय ७ मध्ये पण आधी आपलं मुसळ काढ, मग भावाचं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल असं आहे, म्हणजे कुसळ काढायचंच आहे, फक्त नंबर आपला पहिला.

प्रार्थना विनंतीच्या नावाखाली दुसऱ्याच्या घरातलं ग्रुपवर टाकू नका, त्याबद्दल जास्त सांगायची गरज नाही.

आणि मोठ्या चमत्काराची वाट बघत बसू नका. होरेब डोंगरावर एलीया संदेष्ट्यासमोर सोसाट्याचा वारा आला, भूकंप झाला, अग्नी आला, परमेश्वर त्यात नव्हता, नंतर मंद वाणी आली. एलीजवळ मंदिरात राहणाऱ्या लहान शमुवेलाला तर देवाची तीनदा हाक ऐकूनही वाटलं एलीच बोलावतोय, धावत त्याच्याकडे गेला. शेवटी एलीलाच कळलं हे काय आहे ते आणि त्यानेच पोराला शिकवलं, म्हण, बोल परमेश्वरा, तुझा दास ऐकत आहे. हा शमुवेल म्हणजे त्याच हन्नाचा मुलगा. मला हे वाचताना दरवेळी भरून येतं.

मी आता पहाटे दहा मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवून हेच वाक्य म्हणते आणि गप्प बसते. पहिले काही दिवस डोक्यात नुसती लोकांची भांडणं फिरली, नावं यायची, मी एकेक नाव घेऊन त्यांच्यासाठी आशीर्वाद मागितला. मग हळूहळू शांत झालं. गेल्या रविवारी डायरीत एकच ओळ लिहिली, "जाऊबाईंना फोन कर". दुपारी केला. त्या पलीकडून म्हणाल्या, अगं मी सकाळपासून तुझाच विचार करत होते.